बस्ता बांधण्याआधी: कपडा कुठे आणि कुणी शिवला, हे कसं ओळखायचं?

पारोळ्याहून एका सरांनी विचारलंय. वैशाखात लेकीचं लग्न आहे. बस्त्याची यादी झालीय: नवरीच्या सहा साड्या, नवरदेवाचे कपडे, घरच्यांचे, शिवाय आहेराच्या सव्वाशे साड्या आणि साठ टॉवेल-टोप्या. लेकीने अट घातलीय की कुणाला अर्ध्या मजुरीवर राबवून शिवलेला कपडा माझ्या लग्नात नको. दुकानदार म्हणतो, "सर, माल इंडियाचाच आहे, बिनधास्त घ्या." आता सरांचे दोन प्रश्न आहेत. कपडा कुठे बनला हे दुकानात उभं राहून कसं ओळखायचं? आणि तो ‘इंडियाचा’ असला म्हणजे लेकीची अट पुरी झाली का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे म्हणून आधी देते. नाही झाली.

मी मूळची अमळनेरची. आजोबा तिथल्या प्रताप मिलच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. मी स्वतः अकरा वर्षं तिरुपूर आणि बंगळूरच्या निर्यातीच्या कारखान्यांत माल तपासायचं काम केलं. गेली सोळा वर्षं धरणगावला माझं शिलाईचं युनिट आहे, बावीस मशीनचं. शाळांचे गणवेश आणि शर्ट शिवतो. म्हणजे मोठ्या ब्रँडसाठी माल नापास करणारी बाईही मीच होते, आणि आज व्यापाऱ्याशी पीसमागे दोन रुपयांसाठी भांडणारीही मीच आहे.

‘कुठे बनला’ हा एकच प्रश्न वाटतो, पण एका सुती शर्टाला पाच-सहा गावं असतात. कापूस चोपड्याच्या नाहीतर बोदवडच्या शिवारातला. जिनिंग जळगाव-धरणगाव पट्ट्यात. तिथे सरकी वेगळी होते आणि रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधतात. सूत कोइमतूरकडच्या गिरणीत कातलं जातं, कापड इचलकरंजीला नाहीतर भिवंडीला विणलं जातं, रंगाई तिसरीकडेच, शिलाई बंगळूरला. मग तोच कापूस शर्ट होऊन ट्रान्सपोर्टच्या गाडीने जळगावच्या फुले मार्केटात परत येतो. लेबलावरचं ‘मेड इन इंडिया’ बहुतेक वेळा यातल्या शिलाईपुरतंच बोलतं. कापड चीनहून आलं आणि कापून-शिवून इथे झालं, तरी तेच छापलेलं दिसेल. त्यामुळे दुकानदार खोटं बोलत नाहीये. त्याचं उत्तर तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं नाही, एवढंच.

तरी लेबल वाचायचंच, कारण पत्ता तिथूनच लागतो. पाकीटबंद कपड्यावर बनवणाऱ्याचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल असायला हवा. दुकानात सुट्या टांगलेल्या कपड्यांना २०२२ पासून थोडी सूट मिळालीय. तरी उत्पादकाचं किंवा ब्रँडवाल्याचं नाव-पत्ता, साइझ, एमआरपी, ग्राहकांसाठी संपर्क, आणि माल बाहेरचा असेल तर देशाचं नाव, इतकं लागतंच. ऑनलाइन विकणाऱ्याला मूळ देश पानावर दाखवावा लागतो. लेकीला मोबाइलवर वर्णनाच्या तळाशी बघायला सांगा. आपल्याकडच्या ओळखीच्या ब्रँडचेही कितीतरी शर्ट आणि जीन्स बांगलादेशात शिवलेले असतात, ते तिथेच कळतं.

लेबलावर एक शब्द नीट पाहायचा. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’च्या पुढे पत्ता असेल तर शिवणाऱ्यापर्यंत, निदान शिवून घेणाऱ्यापर्यंत पोचता येतं. ‘मार्केटेड बाय’ म्हणजे विकणाऱ्याचा पत्ता. शिवणारा कुणीतरी तिसराच, आणि त्याचं नाव सांगायचं नाही असं ठरलेलं. आणि नुसतं एक इंग्रजी नाव विणलेलं, पत्ता-फोन काही नाही, असं लेबल असेल तर त्याला काडीची किंमत देऊ नका. असे रोल बाजारात हजारांच्या हिशोबात विकत मिळतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. युनिट सुरू होऊन दुसरं वर्ष होतं. दिवाळीच्या तोंडावर एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याने ९०० शर्टांचं काम दिलं. कापड त्याचं, सोबत लेबलांचा रोल, त्यावर ‘१०० टक्के कॉटन’. चाळीस थर टाकून कटिंग सुरू केलं, तर पात्याखाली थरांच्या कडा एकमेकींना चिकटायला लागल्या. सुती कापडाच्या कडा अशा चिकटत नाहीत. पात्याच्या उष्णतेने पॉलिस्टर वितळतं, तेव्हा चिकटतात. मी फोन लावला. तो म्हणाला, "ताई, तुम्ही शिलाईचे पैसे घेता, लेबलाचे नाही." बायांचा दिवाळीचा पगार त्याच बिलावर होता. मी लेबलं लावून दिली. ते चुकीचं होतं, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. पैसे त्याने चार महिन्यांनी दिले, तेही कापून. तेव्हापासून लेबलावरचं टक्केवारीचं वाक्य मी सगळ्यात शेवटी वाचते, आणि आमच्या युनिटमध्ये दुसऱ्याचं लेबल लागायच्या आधी त्या थानाचा एक धागा जाळून पाहिला जातो.

तुम्हीही पाहू शकता. शिवणीच्या आतून सुटलेला एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटात चुरडणारी करडी राख राहते. पॉलिस्टर आक्रसतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला टणक मणी धरतं. मिश्र कापडात राखही असते आणि खडाही लागतो. रेयॉन, म्हणजे व्हिस्कोस, मात्र सुतासारखंच जळतं, तिथे ही परीक्षा फसते. अस्सल रेशमाला जळक्या केसाचा वास येतो. धागा दुकानात जाळू नका, घरी आणून जाळा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे हिशोब. तुम्ही शाळेत गणित शिकवत असाल-नसाल, हा हिशोब लेकीला जरूर मांडून दाखवा.

एका साध्या पूर्ण बाहीच्या सुती शर्टाला ५८ इंच पन्ह्याचं पावणेदोन मीटरच्या आतबाहेर कापड लागतं. बरं सुती शर्टिंग ठोकात १३० रुपये मीटर धरा, म्हणजे २२० रुपये. शिलाई: कारखान्याच्या मोजणीत शर्टाला बावीसेक मिनिटं धरतात, पण ती घड्याळ लावून मोजलेली मिनिटं. प्रत्यक्षात धागा तुटतो, बॉबिन संपते, बंडल यायला उशीर होतो, लाइट जाते. माझ्याकडे एका शर्टाला सगळ्या जणींची मिळून चाळीस मिनिटं जातात. दिवसाला पाचशे रुपये आणि आठ तास, म्हणजे मिनिटाला रुपयाहून थोडं जास्त. शर्टामागे शिलाईची मजुरी ४० रुपये. कटिंग, काज-बटण, धागे कापणं, इस्त्री, घडी यांचे २५. बटणं, दोरा, कॉलरचं कॅनव्हास, पिशवी यांचे २५. भाडं, वीज, मशीनची देखभाल, पीएफ-ईएसआयचा (भविष्य निधी आणि कामगार विम्याचा) माझा हिस्सा यांचे ३०. झाले ३४०. माझे आणि ठोक व्यापाऱ्याचे चार पैसे, वाहतूक, दुकानाचं भाडं आणि जीएसटी धरून तो शर्ट तुम्हाला सहाशेच्या आसपास पडायला हवा.

म्हणून २५० रुपयांत नवा ‘शुद्ध कॉटन’ शर्ट दिसला की दुकानात उभ्या उभ्याच विचारा, यातला कोणता आकडा खोटा आहे? कधी कापड सुती नसतं. कधी कारखान्यातला उरलेला माल किंवा दोन सीझन पडून राहिलेला माल असतो. त्यात गैर काही नाही, तो घ्यावा. आणि या दोन्हीपैकी काहीच नसेल, तर ते ४० रुपये १५ वर आलेले असतात.

उलटही खरं आहे. तीन हजारांच्या शर्टातही शिलाईचे तेच ४०-५० रुपये असू शकतात. बाकी जाहिरात, मॉल आणि नाव. महाग घेतलं म्हणजे शिवणाऱ्या बाईला जास्त मिळालं, ही समजूत सोडा. पण हिशोबात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. शिलाईची मजुरी अगदी दुप्पट केली तरी सहाशेचा शर्ट साडेसहाशेच्या घरात जाईल. त्या पन्नास रुपयांवर एका घरातल्या मुलीची कॉलेजची फी अडलेली असते.

याच शर्टात कापूस किती? कातणीतली घट आणि कटिंगच्या चिंध्या धरल्या तर साधारण किलोभर. क्विंटलभर कापसातून रुई ३४ किलोच्या आसपास निघते, बाकी सरकी. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आहे, म्हणजे तुमच्या शर्टाचा कापूस ७७ रुपयांचा, तोही हमीभाव मिळाला तर. त्यातले दहाएक रुपये वेचणीचे. ऐन फुटीच्या दिवसांत बाई दिवसभर वाकून चाळीस-पन्नास किलो वेचते, बोंडाच्या टोकांनी बोटं सोललेली असतात. खान्देशातला आपण प्रत्येक जण हे पाहत मोठा झालाय, पण दुकानात शर्ट हातात घेतल्यावर ते आठवत नाही.

आता देशाचं. लेकीने बहुधा मोबाइलवर बांगलादेशच्या बातम्या वाचल्या असतील. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावर या गावी राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, वरच्या कपड्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र सकाळी कामावर बोलावलं. तेव्हा मी निर्यातीच्या कामातून बाहेर पडून थोडीच वर्षं झाली होती. बातमी पाहताना मला आमचे तिरुपूरचे जिने आठवत होते, मालाच्या खोक्यांनी भरलेले. त्या घटनेनंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांनी करार केला, बांगलादेशातल्या शेकडो कारखान्यांची आग आणि इमारतीच्या दृष्टीने तपासणी झाली, दुरुस्त्या झाल्या. म्हणजे आज तिथला एखादा कारखाना आपल्याकडच्या गल्लीतल्या वरच्या मजल्यावरच्या युनिटपेक्षा सुरक्षित असू शकतो. बांगलादेश म्हटलं की वाईट आणि इंडिया म्हटलं की चांगलं, असा सरळ हिशोब नाही.

आपल्या देशातलंही ऐका. तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची पद्धत बरीच वर्षं चालली. गरीब घरातल्या मुलींना तीनेक वर्षांसाठी गिरणीच्या वसतिगृहात ठेवायचं, महिन्याला थोडे पैसे द्यायचे, आणि मुदत पुरी केली की लग्नासाठी एकरकमी रक्कम. मधे सोडलं तर ती रक्कम बुडायची. बाहेर जायची मोकळीक नाही, घरच्यांशी बोलायलाही वेळ ठरलेली. मी त्या सुताचा माल तपासला आहे. माल उत्तम असायचा, एकही गाठ नाही. दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे कातणाऱ्या त्या मुली स्वतःच्या लग्नाच्या पैशांसाठी अडकलेल्या होत्या. तुमच्या लेकीची अट वाचल्यावर मला सगळ्यात आधी त्या आठवल्या. आणि मालेगाव तर आपल्या दारातलं. शुक्रवार सोडला तर यंत्रमागांचा खडखडाट थांबत नाही, बारा-बारा तासांची पाळी, पैसे मीटरवर. जवळचा माल म्हणून तो आपोआप न्यायाचा होत नाही. जवळचा असण्याचा फायदा एवढाच की जाऊन पाहता येतं, विचारता येतं.

शिवण पाहून काय कळतं? मजुरी कळत नाही, घाई कळते. शर्ट उलटा करा आणि बगलेपासून खाली बाजूची शिवण पाहा. इंचभर अंतर बोटाने धरून टाके मोजा. नीट शिवलेल्या शर्टाला बाराच्या वर भरतात, घाईच्या मालात सात-आठ. टाका लांब केला की मशीन लवकर पुढे पळतं, आणि पीसवर पैसे मिळणाऱ्या बाईला लांब टाक्याशिवाय दिवस निघत नाही. मग कॉलरची दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून बघा, सारखी येतात का. बटण ओढून बघा. शिवणीत किती कापड दाबलंय पाहा. पाव इंचाहून कमी असेल तर चार धुण्यांत उसवणार. जो कपडा सहा वर्षं टिकतो त्यात शिवणारीचे कष्ट एकदाच लागतात, म्हणून मी टिकाऊपणाला इतकं महत्त्व देते.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. ‘गॉट्स’ची खूण सेंद्रिय सुतासाठी असते, त्यात रंगाई आणि कामगारांच्या अटीही येतात. खुणेसोबत प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक हवा, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तरी डोळे मिटून नाही: २०२० मध्ये भारतातल्या सेंद्रिय कापसाच्या खोट्या प्रमाणपत्रांचा मोठा घोटाळा खुद्द गॉट्सनेच उघड केला होता. ‘ओएको-टेक्स’चं स्टँडर्ड १०० हे लेबल कापडात अपायकारक रसायनं नाहीत एवढं सांगतं, मजुरीबद्दल काही नाही. ‘खादी कॉटन’ असं दुकानदार सर्रास म्हणतात. खादी म्हणजे हाताने कातलेलं आणि हाताने विणलेलं, आणि त्यावर ‘खादी मार्क’ लागतो. काही मोठे परदेशी ब्रँड आपल्या कारखान्यांची यादी जाहीर करतात आणि ‘ओपन सप्लाय हब’ या संकेतस्थळावर कारखाने नावाने शोधता येतात. लेकीला ऑनलाइन घ्यायचंच असेल तर आधी हे करू दे. यादी जाहीर केली म्हणजे सगळं चांगलं असं नाही, पण लपवणाऱ्यापेक्षा दाखवणारा बरा.

आता प्रत्यक्ष बस्ता.

आहेराच्या सव्वाशे साड्या, सर, हा तुमच्या यादीतला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि मी स्पष्टच लिहिते. दोन-सव्वादोनशेची ती साडी सुरतेची. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ताप्ती लाइनच्या गाडीत बसून आपली किती माणसं सुरतेला गेली, उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत आजही अहिराणी ऐकू येते. माझी मावशी त्यांतलीच. प्रिंट होऊन आलेल्या साड्यांचे गठ्ठे तिच्या घरी येतात. घरातल्या तिघी जमिनीवर बसून सुटे धागे कापतात, साडीमागे दोन-तीन रुपये. लेस लावायचे थोडे जास्त. गठ्ठ्यात एक साडी डागाळली तर तिचे पैसे कापतात. पीएफ नाही, हजेरी नाही, कागदोपत्री ती कामगारच नाही. ‘हाई साडी कोठली शे?’ असं दुकानात विचारलं की ‘सुरतनी’ एवढंच उत्तर येतं. त्या एका शब्दात माझी मावशी बसलेली आहे, कदाचित तुमचीही कुणी असेल.

आणि ती साडी नेसतं कोण? आहेरात आली, आहेरात गेली. एकेक साडी घडी न मोडता चार लग्नं फिरते. मी नातेवाइकांकडे तुमच्यासारख्यांनी दिलेल्या साड्यांवर तीन-तीन नावांच्या चिठ्ठ्या पाहिल्यात. सव्वाशे साड्या २२० ने धरल्या तर साडेसत्तावीस हजार होतात. त्याच पैशात पावणेसातशेच्या चाळीस सुती साड्या येतात. ज्या चाळीस जणी खरंच नेसतील, मामी, आत्या, काकू, शेजारच्या वहिनी, त्यांना द्या, बाकीच्यांना आहेर नको म्हणून पत्रिकेवर छापा. खान्देशात कितीतरी घरांत आता ‘आहेर आणू नये, दिला जाणार नाही’ असं छापायला लागलेत, त्यामुळे नाक कापलं जाईल अशी भीती बाळगू नका. सुरतेची साडी घेऊच नका असंही मी म्हणत नाही; मावशीचं काम बंद पडून तिचं भलं होणार नाही. साडी नेसायची म्हणून घ्या, आणि स्वस्तात स्वस्त कोणती हे विचारायचं सोडा.

नवरीच्या साड्यांत पैठणी असेलच. पारोळ्याहून येवला फार लांब नाही, जाऊन या. दुकानात पैठणी उलटी करून बघा. हातमागावर विणलेल्या पारंपरिक पैठणीचा पदर मागूनही तसाच दिसतो. मोर उलट्या बाजूनेही मोरच असतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा हाताने त्याच्या जागेपुरता गुंफलेला असतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे लांब मोकळे धागे पसरलेले किंवा कातरलेले दिसतात. रेशमासाठी ‘सिल्क मार्क’चं लेबल पाहा, हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’. भरल्या पदराच्या एका पैठणीला विणकराचे कित्येक आठवडे जातात, तर पाच हजारांत ती कशी मिळेल, हा हिशोब वरच्या शर्टासारखाच करायचा. बजेट नसेल तर नकली पैठणी अस्सल म्हणून घेण्यापेक्षा साध्या काठाची, लहान बुट्टीची हातमागाची साडी घ्या. आणि आजीचा शालू पेटीत असेल तर तो आधी बाहेर काढा. पॉलिश करून, नवा फॉल लावून हळदीला नाहीतर बोळवणीला नेसता येतो.

दुकानात एक युक्ती आहे, ती ग्राहकांना कुणी सांगत नाही. दुकानदार ओळखीचा असेल तर त्याच्या खरेदीचं बिल बघायला मागा. भाव दिसू नये म्हणून त्याने तो बोटाने झाकला तरी चालेल. पाठवणाऱ्याच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: २७ महाराष्ट्र, २४ गुजरात, ३३ तमिळनाडू, २९ कर्नाटक, १९ पश्चिम बंगाल. ‘येवल्याची’ म्हणून दाखवलेल्या साडीच्या बिलावर २४ असेल तर समजून जा. पुढे एचएसएन कोड, म्हणजे माल कोणत्या प्रकारचा ते सांगणारा आकडा असतो. ५००७ म्हणजे रेशमी कापड, ५२०८ सुती, ५४०७ म्हणजे पॉलिस्टर-नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचं. बोलताना ‘सिल्क’ म्हणणारा माणूस बिलावर ५४०७ लिहितो, कारण तिथे खोटं लिहिलं तर सरकारशी गाठ असते. सगळे दुकानदार दाखवणार नाहीत. दाखवणारा भेटला तर सगळा बस्ता त्याच्याकडे बांधा.

विचारायचं कसं, तर वकिलासारखं नाही. "भाऊ, हा शर्ट शिवतं कोण? तुम्ही कधी गेलाय का तिथे?" एवढंच. माझ्या अनुभवात खरं सांगणारा दुकानदार इथे खुलतो, उल्हासनगरच्या युनिटची, मालेगावच्या शेठची गोष्ट सांगायला लागतो. ज्याला माहीत नाही तो पुढच्या खरेदीला गेल्यावर विचारून येतो, कारण पाच गिऱ्हाइकांनी एकच प्रश्न विचारला की तो धंद्याचा प्रश्न होतो.

आणि सर, तुम्ही शिक्षक आहात, म्हणून बस्त्याच्या बाहेरचं एक सांगते. एकटं गिऱ्हाईक एका शर्टासाठी कारखान्याला काही विचारू शकत नाही, पण शाळा विचारू शकते. राज्याच्या ‘एक राज्य एक गणवेश’ योजनेत २०२४ मध्ये गणवेशाचं काम वरून ठरलं, उशीर झाला, मापं चुकली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. तुमच्या समितीत तीनशे गणवेशांचं काम देताना तीन गोष्टी लेखी मागा: शिवणार कुठे तो पत्ता, दर गणवेशाला शिवणाऱ्या बाईच्या हातात किती पडणार तो आकडा, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेलं युनिट असेल तर ईएसआयचा नंबर. वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफचाही. सोळा वर्षांत मला हे फक्त दोन मुख्याध्यापकांनी विचारलं. त्या दोन्ही वेळी मी दर कमी करायला तयार झाले नाही आणि दोन्ही वेळी काम मलाच मिळालं.

साठ टॉवेल-टोप्यांचं सगळ्यात सोपं. टॉवेल सोलापूरचे घ्या, लेबलावर कारखान्याचा पत्ता असलेले. टोप्या बाजारातून आणू नका, पारोळ्यातल्याच शिंप्याला किंवा बचत गटाला शिवायला द्या. पांढरं सुती कापड तुम्ही आणून दिलं तर कापडाचीही खात्री राहते. मापं २१, २२ आणि २३ इंच अशी तिन्ही सांगा, नाहीतर निम्म्या टोप्या कपाळावर येतात. आणि काम आत्ताच, फाल्गुनातच द्या. लग्नसराईत सगळ्यांनाच आठ दिवसांत हवं असतं आणि त्या आठ दिवसांत आमच्याकडे बाया रात्री अकरापर्यंत बसतात. तुम्ही महिना दिलात तर त्या साठ टोप्यांसाठी कुणाला रात्री बसावं लागणार नाही.